‘ऑफिस वर्क, १८ ते २५ हजार पगार, अनुभवाची गरज नाही’: या जाहिरातीमागच्या ‘नोकरी’चा रिव्ह्यू

रेटिंग: ५ पैकी ०.

हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाही. पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत नोकरी म्हणून जे विकलं जातं आणि प्रत्यक्षात नेटवर्क मार्केटिंगचं (पैसे भरून सभासद व्हायचं आणि पुढे माणसं जोडायची, त्या साखळीचं) जॉइनिंग निघतं, त्या सगळ्या प्रकाराचा आहे. नावं बदलतात, बोर्ड बदलतात, पद्धत तीच राहते. म्हणून पद्धत नीट कळली की नाव कोणतंही असो, ओळखता येतं.

सुरुवात जाहिरातीपासून. लोकलच्या डब्यातलं स्टिकर, स्टँडजवळच्या भिंतीवरचा कागद, व्हॉट्सअॅप स्टेटस, नोकरीच्या अॅपवरची पोस्ट, मजकूर साधारण असाच असतो: “त्वरित पाहिजेत. मुले/मुली. १०वी पास-नापास, १२वी, पदवीधर. ऑफिस वर्क. पगार १८,००० ते २५,०००. राहण्या-जेवणाची सोय. मोजक्याच जागा.” खाली एक मोबाइल नंबर आणि ‘सर’ किंवा ‘मॅडम’. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, काम काय ते नाही.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला माणूस हवा असला तरी तो लिहितो की काउंटरला पाहिजे, पॅकिंगला पाहिजे की डिलिव्हरीला. कारण त्याला त्या कामाचाच माणूस हवा असतो. इथे दहावी नापास आणि पदवीधर दोघांना एकच पगार लिहिलेला असतो, ही जाहिरातीतली सगळ्यात बोलकी ओळ. पगार खरंच द्यायचा असता तर शिक्षण आणि कौशल्याप्रमाणे आकडा बदलला असता. द्यायचाच नाही, तर फरक करायचं कारण काय?

नंबरवर फोन केला की दुसरा टप्पा. “काम नक्की काय आहे?” याचं उत्तर “ऑफिसला या, सगळं समजावतील” असं येतं. कंपनीचं नाव विचारलं तर “मार्केटिंग लाइनमधली मोठी कंपनी आहे.” हे उत्तर ठरवून दिलेलं असतं. नव्या माणसाला बोलावताना प्लॅन फोनवर सांगायचा नाही, उत्सुकता ठेवायची, फक्त वेळ पक्की करायची, हे तिथे जॉइन झालेल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्यामुळे फोनवर बोलत बसू नका. तीन प्रश्न व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: ऑफर लेटरवर कोणत्या कंपनीचं नाव असेल? पगार किती तारखेला आणि कंपनीच्या खात्यातून येईल का, पीएफ कापला जाईल का? नोकरीसाठी मला कोणत्याही नावाने पैसे भरावे लागतील का, डिपॉझिट, किट, ट्रेनिंग, युनिफॉर्म, काहीही? खरी एचआर ही उत्तरं दोन मिनिटांत देते. उत्तर टाळलं तर निर्णय तिथेच झाला. आणि “पैसे लागणार नाहीत” असं लेखी आलं, तर पुढे तोच मेसेज तक्रारीत सगळ्यात कामाला येतो. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग चालू असेल तर बंद करा आणि लगेच स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि तारीख दिसेल असा. जाहिरातीचाही फोटो काढून ठेवा, कारण ती आठ दिवसांत गायब होते.

‘इंटरव्ह्यू’ला कोणीच नापास होत नाही. फॉर्ममध्ये शिक्षणाला एक ओळ असते आणि बाकी रकाने वेगळेच: वडील काय करतात, घरी शेती किती, कमावतं कोण, भाऊ-बहीण काय करतात, मित्र किती. हा फॉर्म उमेदवाराची लायकी तपासत नाही. घरातून किती पैसा उभा राहू शकतो आणि मागे किती ओळखी आहेत, याचा अंदाज घेतो. फॉर्ममध्ये असे रकाने दिसले की तो न भरता, आधारची झेरॉक्स न देता बाहेर पडायचं.

सेमिनार हा या सेवेचा सगळ्यात मेहनतीने बांधलेला भाग. एक ते तीन दिवस चालतो आणि त्याला ‘ट्रेनिंग’ म्हणतात. फोन सायलेंट किंवा जमा. शेजारी अनोळखी माणसाऐवजी ज्याने बोलावलं तोच बसतो, आणि नवीन मुलांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. आधी आईवडिलांच्या कष्टांवर बोलून रडवतात. मग गाडी घेतलेल्या ‘सिनिअर’ची ओळख. मग बोर्डवर वर्तुळं: वर तुम्ही, खाली लेफ्ट आणि राईट, त्यांच्याखाली दोन-दोन. चेक, पेअर मॅच (लेफ्ट-राईटची जोडी जुळली की कमिशन), आणि सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा पदव्या. भरायची रक्कम सगळ्यात शेवटी येते, माणूस दमलेला असताना, आणि “आज संध्याकाळपर्यंत जागा पक्की करा” या अटीसकट. “घरी आत्ता काही सांगू नका, त्यांना समजणार नाही” हेही त्याच वेळी सांगितलं जातं. जी नोकरी घरी सांगता येत नाही, तिचे पैसे घरूनच मागायला लावतात. मग फोन जातो, “आई, कंपनीत डिपॉझिट भरायचंय.” आणि गावाकडे दागिने गहाण पडतात.

त्या वर्तुळांचं गणित कागदावर मांडून बघा. प्रत्येकाने दोनच माणसं जोडली तरी तुमच्याखालच्या विसाव्या पायरीवर एका ओळीत १० लाख ४८ हजार ५७६ जण लागतात. सव्विसाव्या पायरीपर्यंत वरपासून खालपर्यंतची बेरीज १३ कोटी ४२ लाखांवर जाते. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, तान्ही बाळं धरून. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की साखळी कधीही थांबली, तरी त्या क्षणी निम्म्याहून जास्त माणसं सगळ्यात खालच्या ओळीत असतात. त्यांच्याखाली कोणीच नसतं. म्हणजे “मेहनत केली नाही म्हणून कमाई झाली नाही” हा आरोप आकड्यांपुढे टिकत नाही. रचनाच अशी आहे की निम्म्यांहून जास्त जणांचे पैसे जायलाच हवेत, नाहीतर वरच्यांना द्यायला पैसा येणार कुठून?

आता पैशांच्या बदल्यात हातात काय पडतं ते. कधी सूटचं कापड, कधी आयुर्वेदिक ज्यूसच्या बाटल्या, कधी घड्याळ, कधी ऑनलाइन कोर्सचा पासवर्ड. वस्तू द्यावीच लागते, कारण नुसते पैसे घेऊन पैसे वाटले तर गुन्हा उघड दिसतो. नोएडाच्या ईबिझ या कंपनीवर २०१९ मध्ये सायबराबाद पोलिसांनी कारवाई केली, त्या प्रकरणात १६,८२१ रुपयांचं कॉम्प्युटर कोर्सचं पॅकेज विकून सभासद जोडले जात होते. वस्तूची परीक्षा सोपी आहे. तीच किंवा तसलीच वस्तू बाजारात कितीला मिळते ते बघा, आणि स्वतःला विचारा की साखळीत नसलेला एखादा माणूस ही या किमतीत दुसऱ्यांदा घेईल का. खाण्यापिण्याची वस्तू असेल तर लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आहे का आणि तो त्यांच्या साइटवर त्याच नावाने निघतो का, हेही तपासा. बिल मागा. बिलावर कंपनीचं नाव, जीएसटी क्रमांक, वस्तूचं नाव आणि किंमत हवी. पैसे ‘सिनिअर’च्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले आणि बिल “नंतर मेल येईल” म्हटलं, तर ते पैसे परत मिळवणं सगळ्यात अवघड जातं. कंपनी सरळ हात वर करते: आमच्या खात्यात काही आलंच नाही.

भिंतीवर लावलेल्या सर्टिफिकेटांनी भुलू नका. कंपनी मंत्रालयाची नोंदणी म्हणजे कंपनी कागदावर स्थापन झाली, एवढंच. जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो. आयएसओ, ट्रेडमार्क, पॅन यांतलं एकही या धंद्याला सरकारने दिलेली परवानगी नाही.

डायरेक्ट सेलिंग मुळात बेकायदा नाही, आणि हे मान्य करूनच बोललं पाहिजे. घरोघरी माल विकून कमिशन घेता येतं. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: “मी एकही माणूस जोडला नाही, फक्त बाहेरच्या ग्राहकांना माल विकला, तर महिन्याला किती मिळतील?” उत्तर पुन्हा माणसं जोडण्यावर आलं की ओळखा. ग्राहक संरक्षण (डायरेक्ट सेलिंग) नियम, २०२१ नुसार पिरॅमिड स्कीम (माणसं जोडण्यावर कमाई देणारी साखळी) आणि डायरेक्ट सेलिंगच्या आडून चालणारी मनी सर्क्युलेशन योजना (नव्या सभासदांच्या पैशातून जुन्यांना देणारी) या दोन्हींना बंदी आहे. “तुम्ही अजून गिऱ्हाईक आणा, तुमचे पैसे सुटतील” असं सांगून खरेदी करायला लावणंही त्याच नियमांत बसत नाही. जॉइनिंग फी घेऊ नये, हे केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच होतं. आणि १९७८ चा प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा तर अशी योजना चालवण्याला, तिच्यात सभासद होण्याला आणि भाग घेण्याला, तिन्हींना मनाई करतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यातला ‘भाग घेण्याला’ हा शब्द मुलांना कोणी सांगत नाही. भरलेले पैसे वसूल करायला तुम्ही मामेभावाला आणि रूममेटला आणलंत, की त्यांच्या लेखी फसवणारे तुम्हीच. तक्रारीत नाव तुमचं येतं, वरच्या ‘डायमंड’चं येईलच असं नाही. म्हणून पैसे अडकलेत हे कळल्यावर पहिलं काम एकच: एकाही माणसाला जोडायचं नाही, ओळखीच्या शंभर जणांच्या नावांची यादी सिनिअरला द्यायची नाही, स्टेटसला तसली जाहिरात लावायची नाही.

पैसे परत मागायचे तर घाई करा, कारण दिवस मोजले जातात. २०२१ च्या नियमांत विक्रेत्याला, म्हणजे जोडल्या गेलेल्या तुम्हाला, ‘कूलिंग ऑफ’ची मुदत आहे. त्या मुदतीत दंड न भरता करारातून बाहेर पडता येतं. मुदत किती, ते करारात किंवा कंपनीच्या साइटवर शोधा. बॉक्स फोडू नका. सील तुटलं की परत न घेण्याचं आयतं कारण त्यांना मिळतं, आणि “वापरून बघ, मग लोकांना सांगता येईल” असा आग्रह पहिल्याच दिवशी होतो तो याचसाठी. सिनिअरला फोन करून विनवण्या करत बसू नका, तो “पंधरा दिवस थांब” म्हणत मुदत संपवतो. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तोच मजकूर नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. मजकूर चार ओळींचा पुरे: अमुक तारखेला नोकरीच्या जाहिरातीवरून बोलावलं, इतके रुपये अमुक यूपीआय व्यवहार क्रमांकाने भरले, माल सीलबंद आहे, करार रद्द करतो, रक्कम याच खात्यात परत करा. रागाचे शब्द नकोत. अधिकाऱ्याने ४८ कामकाजी तासांत पोच द्यायची आणि साधारण महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असं नियम सांगतो.

उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. मात्र तिथे कंपनी हमखास म्हणते की हा ग्राहक नाही, धंदा करायला आलेला आहे. त्यावर उत्तर म्हणून जाहिरातीचा फोटो आणि “पगार मिळेल” म्हणणारे मेसेज पहिल्या पानावर लावा. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. समोरच्या खात्यात रक्कम असेपर्यंतच ती गोठवता येते.

पोलीस ठाण्यात बहुतेक तक्रारी एका वाक्यामुळे फसतात: “मी कंपनीत गुंतवणूक केली आणि फायदा झाला नाही.” असं लिहिलं की तो दिवाणी वाद ठरतो. घडलं ते क्रमाने लिहा. नोकरी सांगितली, पगाराचा आकडा दिला, पैसे भरायला लावले, नोकरी दिलीच नाही, माणसं आणायला सांगितलं. ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे आणि सोबत १९७८ च्या कायद्याचा उल्लेख करा. आणखी चार-पाच जण मिळाले तर प्रत्येकाचा वेगळा जबाब द्या. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते.

राहायची सोय दिलेल्या ठिकाणी अजून वेगळी अडचण असते. एका खोलीत दहा-पंधरा मुलं, घरी फोन सिनिअरसमोर, आणि मूळ मार्कशीट ऑफिसात जमा. मार्कशीटसाठी तिथे थांबू नका. दुसरी प्रत बोर्डाकडून आणि विद्यापीठाकडून अर्ज करून मिळते. कपडे, फोन आणि आधार घेऊन दिवसाउजेडी निघायचं. कोणी अडवलं, दाराला कुलूप लावलं, तर ११२ फिरवून फक्त पत्ता आणि “खोलीत कोंडलंय, बाहेर सोडत नाहीत” एवढंच सांगायचं. पैशांचं बोलणं त्या फोनवर काढायचं नाही, ते ठाण्यात पोचल्यावर.