संदर्भ कक्षात तीन दिवस : १९३७ ची निवडणूक आणि कोकणातील कुळे

अलिबागच्या एका जुन्या वाचनालयाच्या संदर्भ कक्षात मी तीन दिवस बसलो, ते मुंबई प्रांताच्या १९३७ च्या निवडणुकीत कोकणातील कुळांचा आवाज कसा उमटला हे पाहण्यासाठी. मताधिकार तेव्हा मालमत्ता, शिक्षण अशा अटींना बांधलेला होता, तरीही डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने खोतीचा, म्हणजे खोत या मध्यस्थांनी कुळांकडून सारा वसूल करण्याच्या पद्धतीचा, प्रश्न थेट सभागृहात नेला आणि सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून जमिनी न कसता चालवलेला संप, त्यातील नारायण नागू पाटील यांचे नेतृत्व आणि जानेवारी १९३८ चा मुंबईतील शेतकरी मोर्चा यांविषयीची कात्रणे ग्रंथपालांनी न मागता काढून दिली. कात्रणांना वाळवी लागलेली नव्हती. कोकणच्या पावसाळ्यात ही साधी गोष्ट नव्हे. मात्र सूची हस्तलिखित व अपुरी आहे, छायाप्रतींसाठी बाजारपेठेत जावे लागते आणि दुपारी कक्ष बंद असतो. वर्गणीच्या मानाने सेवा उत्तमच. फक्त १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंतचे कागद हवे असल्यास आधी चौकशी करून यावे.