सीएचपासडब्ल्यूडी: काम चोख, पण एक्सेलची फाइल तपासूनच द्या

कॉलेजची लॅब असो की सोलापूर एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, लिनक्स सर्व्हरवर ६० जणांचे पासवर्ड एकदम लावायला सीएचपासडब्ल्यूडी ही कमांड पुरेशी आहे. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत ते आधीपासून असतं. दर ओळीला यूजरनेम, कोलन, पासवर्ड अशी फाइल रूटने, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्यातून, द्यायची, क्षणात काम होतं. खाती मात्र ते उघडत नाही. त्यासाठी आधी खातं उघडणाऱ्या यूजरअ‍ॅड कमांडचा लूप लावा आणि वजा लहान एम विसरू नका, नाहीतर होम फोल्डरच नाही. न्यूयूजर्स ही कमांड दोन्ही कामं करते, पण तिला सात रकाने लागतात आणि स्केल या नमुना फोल्डरमधल्या फाइली होममध्ये येत नाहीत. लॅबला पहिला मार्गच बरा.

खरा घोळ एक्सेलचा. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या टोकाला न दिसणारं कॅरेज रिटर्न हे चिन्ह असतं. सीएचपासडब्ल्यूडी त्यालाही पासवर्डात धरतं, एरर देत नाही, आणि सकाळी साठच्या साठ पोरं लॉगिनच्या दारात उभी. फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडला वजा कॅपिटल ए देऊन बघा: ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपीवाला एम दिसला की ते चिन्ह काढणारं डॉस-टू-युनिक्स फिरवा. यूटीएफ-८ सीएसव्हीत सुरुवातीला बीओएम हा आणखी एक न दिसणारा शिक्का येतो, मग फक्त पहिलाच यूजर सापडत नाही. तोही डॉस-टू-युनिक्सनेच निघतो. रोल नंबरचे पुढचे शून्य एक्सेल गिळतं, म्हणून तो रकाना आधीच टेक्स्ट करा.

यूजरनेम आडनावावरून नकोच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एकाच तेलुगू आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं तीन घरांत तीन. रोल नंबरापुढे एखादं अक्षर लावलं की वाद मिटला.

पाम, म्हणजे लिनक्सची पासवर्ड हाताळणारी यंत्रणा, वापरात असेल तर फाइलीतली एक ओळ फसली तरी बाकीचे पासवर्ड बदलतात. त्यामुळे 'काहीच झालं नाही' समजून पुन्हा सगळी फाइल चालवू नका. एररमधला ओळ क्रमांक बघून तेवढीच दुरुस्त करा.

पासवर्ड पीडब्ल्यूजेन या पासवर्ड बनवणाऱ्या कमांडने काढावेत, वजा कॅपिटल बी देऊन. चिठ्ठीवर शून्य की ओ, एक की एल, ही विचारणा वाचते. फाइल इतरांना वाचता येऊ नये म्हणून ती बनवण्याआधी यूमास्क ०७७ आणि शेवटी प्रत्येकाला पासवर्डाची मुदत ठरवणारी कमांड, चेज वजा डी शून्य, म्हणजे पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलावाच लागतो. फक्त एसएफटीपी, म्हणजे फाइली पाठवण्या-घेण्यापुरतं लॉगिन, वापरणाऱ्यांना हे लावू नका: त्यांना बदलायची सोयच मिळत नाही आणि खातं अडकून बसतं.