क्लचप्लेटच्या नावाखाली ६७,००० रुपये

सांगायला लाज वाटते, पण कुर्ल्याच्या एका गॅरेजवाल्याने मला ६७,००० रुपयांना टोपी घातली. वडिलांची १९६७ ची एमजीबी, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मी तीस वर्षं सांभाळतोय, इंजिनच्या व्हॉल्व्हचे टॅपेट स्वतः लावतो. अगदीच अडाणी गिऱ्हाईक नाही मी.

मलबार हिलच्या चढावर गिअर बदलला की इंजिन नुसतं बोंबलायचं. आरपीएम ३,००० चे ४,००० व्हायचे, गाडी ढिम्म. चार-पाच सेकंदांनी क्लच पकडायचा आणि मग सुरळीत. त्या चार-पाच सेकंदांतच सगळी मेख होती. झिजलेली प्लेट जोर दिला की घसरतच राहते, वाट बघून सुधारत नाही. पण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्याने नुसता वास घेतला. "साहेब, प्लेट संपली. नशीब तुमचं, लंडनचा एक सेट पडून आहे." क्लच सेट ३८,५००, इंजिन उतरवणं-चढवणं २२,०००, फ्लायव्हील (क्लचप्लेट ज्यावर टेकते ते इंजिनचं चाक) घासणं ६,५००. मी ४०,००० जीपे केले, २७,००० रोख दिले. बिल "नंतर देतो". बिल नाही तर पैसे नाहीत, एवढं म्हणायला माझी जीभ का जड झाली देव जाणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार! एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं, त्याआधी रेडिएटर उतरतो, बॉनेट निघतं. माझ्या बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवर मी स्वतः लावलेला हिरवा रंग तसाच होता, चरासुद्धा नाही. मी तो पाहिला. आणि वर म्हणालो, "काम स्वच्छ केलंत हो!" हे आठवलं की आजही रात्री उठून बसतो. जुनी म्हणून दाखवलेली प्लेट माझ्या वितीत मावत नव्हती. एमजीबीची असते ८ इंची.

नवव्या दिवशी पुन्हा तेच. लालबागच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने क्लच घसरत असतानाच क्लच दाबणाऱ्या खालच्या सिलिंडरचा ब्लीड निपल (ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल केला. चिळकांडी उडाली आणि क्लचने लगेच पकडलं. त्या सिलिंडरला ऑइल नेणारा रबरी होज (नळी) आतून फुगून ऑइल परत सोडत नव्हता. होज १,४००, मजुरी ६००.

तुम्हीही आधी हे करा: सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चौथ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. वारंवार करू नका, प्लेट जळते.

पोलीस चौकीत तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा दोन तास बाकावर. "काका, हा सिव्हिल मॅटर आहे." दुसऱ्यांदा "साहेब बंदोबस्तावर". तिसऱ्यांदा एकाने गाडीचा फोटो मागितला, कौतुकाने शेजारच्याला दाखवला आणि म्हणाला, "एवढ्या जुन्या गाडीला खर्च येणारच. बिल आहे का?" बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? बोल्टवरचा रंग हा पुरावा नाही म्हणे!

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथेही जाणार. फक्त कागदावर दाखवायला ४०,००० च आहेत, २७,००० गेले ते गेले. म्हणून रोख देऊ नका. आणि काम सुरू होण्याआधी बोल्टांचे फोटो काढा.

तो अजून माझा फोन उचलतो. विचारतो, "साहेब, गाडी मस्त चालते ना?"