लुईस हाइनचे बालमजुरांचे फोटो, लायब्ररी ऑफ काँग्रेसची साइट: रिव्ह्यू

लायब्ररी ऑफ काँग्रेस म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय. त्याची साइट पूर्ण फ्री आहे, अकाउंट काढावं लागत नाही आणि मोठ्या साइजची फाइलपण डाउनलोड होते. बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीचा अख्खा संग्रह आहे इथे, ५,१०० च्या वर प्रिंट आणि ३५५ काचेच्या निगेटिव्ह, कमिटीने १९५४ साली लायब्ररीला दिलेल्या. त्यातले बहुतेक फोटो लुईस हाइनचे. आधी न्यूयॉर्कात मास्तर होता, मग १९०८ पासून कमिटीसाठी सूतगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचकारखाने फिरत राहिला आणि तिथे राबणाऱ्या पोरांचे फोटो काढत राहिला.

यातले दोन-चार फोटो तुम्ही फॉरवर्डमध्ये बघितले असतील, कोणीतरी रंग भरलेले आणि खाली एक अक्षर नाही. म्हणूनच सांगते, मूळ साइटवर जाऊन बघा, कारण खरी ताकद हाइनच्या कॅप्शनमध्ये आहे. साइटवर टायटल म्हणून जी लांबलचक वाक्यं दिसतात ना ती बहुतेक त्याचीच, ती अजिबात सोडू नका. बिलॉक्सी, मिसिसिपी, फेब्रुवारी १९११ चा फोटो घ्या, एक छोटा मुलगा, हातात भांडी, मागे शिंपल्यांचा ढीग. नुसतं बघितलं तर गोड वाटतो. कॅप्शन वाचली की कळतं, नाव मॅन्युएल, वय पाच, कोळंबी सोलायला येतो आणि गेल्या वर्षीपण कामावर होता!! म्हणजे चौथ्या वर्षापासून. पोटात तुटतं वाचून.

आणि ही माहिती त्याने कशी मिळवली तेही बघा. मालक आत घेत नसत, म्हणून कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला, कधी मशिनरीचे फोटो काढणारा बनून आत जायचा. पोरांची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा आणि खिशात हात घालून तिथेच टिपून ठेवायचा. लँकेस्टर, साउथ कॅरोलिनाच्या गिरणीतल्या मुलीची उंची ४८ इंच लिहिलीय, १९०८ साल. बाजूला मशिनची लांबच लांब रांग, त्यामुळे ती केवढीशी आहे ते आकडा न वाचताही दिसतं. जागा, तारीख, वय, उंची सगळं नोंदवलेलं, त्यामुळे आमच्याकडे लहान पोरं नाहीतच असं म्हणायला मालकाला जागाच उरत नाही. मला डॉक्युमेंटरी फोटोग्राफी म्हणून हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, नुसती दया नाही, पुरावा.

फोटो छापले आणि लगेच कायदा झाला असं मात्र समजू नका. १९१६ ला केंद्राचा कायदा आला तो सुप्रीम कोर्टाने १९१८ मध्ये रद्द केला, टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. त्यातही शेतावर राबणाऱ्या पोरांना बरंचसं बाहेरच ठेवलं. म्हणून कोलोरॅडोचे १९१५ चे बीटाच्या शेतातले फोटो नक्की बघा, साखरेसाठी लागणारं बीट, लहान लहान पोरं आणि हातात टोकाला आकडा असलेला मोठा सुरा. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या फडात आईबापाबरोबर गेलेली पोरं ज्यांनी बघितलीत त्यांना हे फोटो परके वाटणार नाहीत. हाइन स्वतः १९४० मध्ये गरिबीत गेला, याचं फार वाईट वाटतं.

कमी काय वाटलं? सगळं इंग्रजीत आहे आणि सर्चला त्या काळच्या कामांची नावं टाकावी लागतात, डॉफर (गिरणीत भरलेल्या बॉबिन काढणारा), स्पिनर (सूत कातणारी), न्यूजी (पेपर विकणारा पोरगा), ब्रेकर बॉय (कोळशातले दगड वेचणारा) अशी. शिवाय कॅप्शनमध्ये बोलतो तो तपासनीस, म्हणजे हाइन, पोरांचा स्वतःचा आवाज फार थोडा, आणि पुढे त्यांचं काय झालं ते बहुतेक ठिकाणी कळत नाही. तरी पाच पैकी पाच स्टार. टिफ फाइल जड असते, बघायला जेपेग पुरते. छापायलाही आपल्या माहितीत कुठलं बंधन नाही असं लायब्ररीनेच लिहिलंय, तेव्हा शिक्षक मंडळींनो, प्रिंट काढून वर्गात लावा, फक्त कॅप्शन मराठीत करून खाली चिकटवा.