न बोलणाऱ्या लेकीसाठी चित्रतक्ता: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. तिला समजतं जवळपास सगळं, पण जीभ आणि ओठ साथ देत नाहीत, त्यामुळे तिचे उच्चार घरच्यांनाही जेमतेम कळतात. स्पीच थेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही चित्रतक्ता, म्हणजे चित्रांवर बोट ठेवून बोलायचा तक्ता, वापरायला लागलो, त्याला आता बरेच महिने झाले. हाच सल्ला मिळूनही ज्यांचा धीर होत नाही, त्या आईबाबांसाठी हे लिहितेय.

धीर न होण्याचं कारण बहुतेक एकच असतं: हातात चित्रं दिली की पोर बोलायचा प्रयत्नच सोडून देईल. नातेवाईक हे अगदी प्रेमाने सांगतात आणि ते मनात घर करून बसतं. पण अशी साधनं दिल्यावर बोलण्यावर काय परिणाम होतो, याच्या आधीच्या अभ्यासांचा मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली आढावा घेतला. त्यातल्या सर्वांत भक्कम पुराव्यात २७ जण होते. एकाचंही बोलणं कमी झालं नाही, ८९ टक्क्यांचं वाढलं. वाढ बहुतेकांची थोडीच होती, तेव्हा चित्रांनी वाचा फुटेल या आशेवर सुरुवात करू नका. पण नुकसान होईल ही भीती मात्र खुशाल सोडून द्या.

तक्ता म्हणजे लॅमिनेट केलेला कागद, त्यावर चौकटी, चौकटीत चित्र आणि त्याखाली शब्द. चित्रं आम्ही 'अरासाक' संग्रहातून घेतली. ती सेर्जिओ पालाओ यांनी काढलेली आहेत, मालकी स्पेनमधल्या आरागॉनच्या सरकारची, आणि नफ्यासाठी नसेल तर वापर मोफत. खालचे शब्द आम्ही घरात बोलतो तसेच लिहिले: नको, अजून, थांब, झालं, चल, बघ, माझं, मदत कर, दुखतंय. वस्तूंची नावं मुद्दाम कमी ठेवली. लहान मुलं दिवसभर कोणते शब्द सर्वांत जास्त वापरतात याची एक यादी २००३ च्या एका अभ्यासात निघाली होती, तिच्यात एकही नाम नव्हतं. ते वापरताना पटतं. 'चेंडू' फक्त चेंडूच्याच कामाचा. 'अजून' मात्र झोक्यावर चालतं, गोष्ट ऐकताना चालतं आणि बाबा घरी आल्यावर मिठी मारतानाही चालतं.

सगळ्यांत मोलाचा सल्ला मिळाला तो असा: "तिच्याकडून काही करून घेऊ नका. तुम्ही बोलताना तक्त्यावर बोट ठेवत चला." बोलणारं मूलसुद्धा पहिला शब्द काढायच्या आधी वर्षभर आपलं बोलणं ऐकत असतं. तक्त्यावरची भाषा तिच्यासमोर कुणी वापरलीच नाही, तर तिने ती शिकायची कुठून? मग कपडे घालताना 'चल', बटणं लागली की 'झालं', असं आम्ही सगळेच बोटाने बोलू लागलो. आजीसुद्धा. कितीतरी आठवडे लेक नुसती बघत राहिली. या काळात "चेंडू कुठाय, दाखव बरं" अशी परीक्षा घ्यायची फार इच्छा होते. घेऊ नका. त्याऐवजी थांबायला शिका. तिचा हात उचलला जायला, नेमक्या चौकटीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गप्प बसणं हे या सगळ्या प्रकारातलं सर्वांत अवघड काम आहे, असं माझं ठाम मत झालंय.

तिचा स्वतःहून आलेला पहिला शब्द होता 'नको'. पायाचा स्प्लिंट, म्हणजे पाऊल नीट ठेवणारा कडक आधार, चढवताना. काढून बघितलं तर घोट्याजवळ लाल वळ उठला होता. त्याआधी ती रडायची आणि आम्ही समजायचो, व्यायामाचा कंटाळा आला असेल. अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने १९९२ साली संवादाच्या हक्कांची सनद काढली, तिच्यात नकार देण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. औषधाच्या वेळी 'नको' मानता येत नाही, हे खरं. पण तेव्हाही "नको म्हणालीस, कळलं मला, तरी हे घ्यावं लागेल" एवढं तरी आम्ही म्हणतोच. नाहीतर तिने बोलावं कशाला?

आता त्रुटी. तक्ता मुका आहे. समोरच्याची पाठ वळलेली असेल तर तो काहीच कामाचा नाही. म्हणून टॅबलेटवर 'सीबोर्ड' हे चित्रतक्त्याचं ॲपही ठेवलंय. त्यातून आवाज येतो आणि इतर मुलं लगेच जवळ येतात. पण उन्हात पडदा दिसत नाही, चार्जिंग संपतं, न्हाणीघरात टॅबलेट नेता येत नाही. कागद सगळीकडे चालतो. त्याच्या तीन-चार प्रती करा, एक व्हीलचेअरला बांधा. हात थरथरत असेल तर चौकटी मोठ्या आणि लांब लांब ठेवा. नवा शब्द घालताना जुन्यांच्या जागा बिलकूल हलवू नका, कारण जागा हाताला पाठ झालेली असते. मुलाला बोटच दाखवता येत नसेल, तर आपण एकेक चित्र दाखवत जायचं आणि त्याने नजरेने किंवा मान हलवून हो म्हणायचं.

बारीकसारीक युक्त्या इतर पालकांकडून मिळाल्या. पण तक्त्यावरच बोलत मोठी झालेली माणसं काय सांगतात, ते जरूर शोधून वाचा. राग, भांडण, शरीराचे सगळे अवयव, "त्याने मला त्रास दिला" हे शब्दही मुलाकडे हवेत, हा आग्रह त्यांचा. आम्हाला ते सुचलं नसतं.

एका सल्ल्यापासून मात्र लांब राहा: मदतनीस मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरं दाखवून घेतो ती पद्धत. चाचणीत मदतनीसाला एक चित्र आणि मुलाला दुसरं दाखवलं, तेव्हा उत्तर आलं ते मदतनीसाने पाहिलेल्या चित्राचं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ साली या पद्धतीचा वापर करू नये असं जाहीर केलंय. तिथे जे शब्द उमटतात ते मुलाचे नसतात.

आमच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला आता अक्षरं आली आहेत. चित्रांतून तिला आम्ही निवडलेलेच शब्द मिळतात, अक्षरांतून मात्र तिला हवा तो शब्द जुळवता येईल. सध्या ती स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर शोधते, आणि काना-मात्रा कुठे बसवायच्या यावर थेरपिस्टशी आमचं बोलणं चालू आहे.