ट्रॅक्टरचा विमा काढताय? आधी आयएमटी २३ बघा

स्वतःच्या शेतीसाठी घेतलेल्या ट्रॅक्टरचा फुल विमा मी खरेदीपासून एकही वर्ष न चुकवता भरतोय. यंदा पहिल्यांदा क्लेम करायची वेळ आली. त्या क्लेममधून जे कळलं ते शोरूमच्या काउंटरवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण कुणी सांगितलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आयएमटी २३ म्हणजे बोनेट, मडगार्ड, दिवे, रंग असले भाग विम्यात धरायचे तर जादा पैसे भरून पॉलिसीत जोडून घ्यायचं कलम. थर्ड पार्टी, आयडीव्ही, नो क्लेम बोनस हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात जात नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात. रात्री रोटर मारून परत येताना ट्रॅक्टर गड्याच्या हातात होता. पाणंदीची कड पावसानं भुसभुशीत झालेली, डावं चाक खचलं आणि ट्रॅक्टर ओढ्याच्या अंगाला कलंडला. गड्यानं वेळेत उडी मारली म्हणून तो वाचला, नुसतं खरचटलं. ट्रॅक्टरचं मात्र बोनेट चेपलं, डावं मडगार्ड दुमडलं, दोन्ही हेडलाइट गेले, रेडिएटर फुटला, टाय रॉड वाकला, पुढच्या अ‍ॅक्सलला मार बसला आणि बॅटरी फुटून ॲसिड सांडलं. सकाळी जेसीबीनं वर काढला आणि टोचन करून वर्कशॉपला नेला. इस्टिमेट आलं ६४ हजार.

कंपनीला फोन केला तर दुसऱ्याच दिवशी सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून रक्कम ठरवणारा माणूस, हजर. ही गोष्ट मला खरोखर आवडली. चिखलानं भरलेला चासी नंबर त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसला, फोटो काढला, प्रत्येक मोडलेल्या भागावर खडूनं खूण केली. गड्याचं लायसन्स बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण त्यावर फक्त एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) आहे, ट्रॅक्टर असं वेगळं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, साहेब, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं स्पष्ट केलंय की साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनाला एलएमव्ही लायसन्स चालतं. त्यांनाही तो माहीत होता, पुढे काही बोलले नाहीत. तुमच्याही गड्याकडे एलएमव्हीच असेल तर या मुद्द्यावर घाबरून क्लेम सोडू नका.

मग हिशोब आला. ६४ हजारांतले २७ हजार एका फटक्यात बाद. बोनेट, मडगार्ड, हेडलाइट आणि रंग, चारही. माझं डोकंच फिरलं. ट्रॅक्टर कलंडला तर दुसरं मोडणार काय? मी सर्व्हेअरशी भांडलो, आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमची पॉलिसी काढा." मोबाईलवर पॉलिसी उघडली. त्यांनी लागू कलमांच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं बाकीचे आकडे होते, २३ नव्हता.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. आरटीओच्या लेखी शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन. पण विमा कंपनीच्या लेखी तो व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत, संकीर्ण आणि विशेष प्रकारच्या वाहनांत जातो. आणि त्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बोनेट आणि बाजूचे भाग, बंपर आणि रंग हे मुळातच धरलेले नसतात. गाडी पूर्ण निकामी झाली तरच त्यांचे पैसे मिळतात. ते धरायचे असतील तर आयएमटी २३ हे कलम जोडून घ्यावं लागतं, त्यासाठी ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या, प्रीमियमवर १५ टक्के जादा. कारला हे भाग आपोआप धरलेले असतात, म्हणून ज्याच्या दारात कार आहे त्याला हा प्रश्न सुचतच नाही. माझा ओन डॅमेजचा प्रीमियम ३,४०० रुपये. म्हणजे जादा भरायचे होते ५१० रुपये. घसारा आणि बाकीची कपात होऊनसुद्धा त्या ५१० रुपयांनी माझे काही हजार वाचवले असते.

ज्या मशीनला मडगार्ड, बोनेट आणि दिवे हेच बाहेर आलेले अवयव आहेत, जे बांधाला, झाडाला, शेजारच्या ट्रॉलीला रोज घासतं, त्याला हेच भाग वगळून "फुल" पॉलिसी देणं मला पटत नाही. काउंटरवरच्या मुलाला मी दरवर्षी विचारत होतो, सगळं कव्हर आहे ना. त्याचं उत्तर ठरलेलं, "हो काका, फुल आहे." प्रीमियम कमी दाखवला की गिऱ्हाईक खूश, त्यासाठी पाचशे रुपये कुठून कापले ते गिऱ्हाईकाला कळत नाही.

सर्व्हेअरबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदललं. त्यांनी नियमानं जे बसतं ते सगळं दिलं. राहिलेल्या ३७ हजारांत रेडिएटर आणि अ‍ॅक्सलचं सामान २३ हजारांचं. ट्रॅक्टरला दोन वर्षं होऊन गेलेली, म्हणून धातूच्या भागांवर १५ टक्के घसारा कापला. बॅटरी ५ हजारांची, तिचे निम्मे, कारण बॅटरी, रबर आणि प्लॅस्टिकला सरसकट ५० टक्के घसारा लागतो. मजुरी ९ हजार पूर्ण धरली. सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममध्ये मालकानं सोसायचा वाटा, २,६०० गेली, टोचनचे अडीच हजार मी मागायच्या आधीच त्यांनी जोडले. खात्यावर ३०,९५० जमा झाले, तेही वर्कशॉपचं बिल देऊन फार दिवस न थांबता. क्लेमची माणसं कामाची आहेत, माझा राग आहे तो पॉलिसी विकणाऱ्यांवर.

कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहून प्रस्ताव अर्जाची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवली. ती प्रत बघून राग दुप्पट झाला. आयएमटी २३ चा रकाना कोरा, आणि खाली जी सही आहे ती माझी नाही. तक्रार विभागानं उत्तर दिलं की पॉलिसीच्या अटींप्रमाणे क्लेम योग्य. सहीबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा आधी विमा नियामकाच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंद केली आणि आता पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज दिलाय. तिथं फी नाही, वकील लागत नाही, कंपनीनं एका महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही तर एका वर्षाच्या आत जाता येतं. निकाल लागेल तसा लागेल, पण ती सही कुणी केली हे कंपनीला लेखी सांगावं लागेल, एवढ्यासाठी मी मागे हटणार नाही.

नूतनीकरण यंदा शोरूमकडून केलं नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारलं तर एका कंपनीनं जुन्या ट्रॅक्टरला २३ देत नाही म्हणून सांगितलं, एकीनं चारही बाजूंचे फोटो आणि चालू इंजिनचा व्हिडिओ मागितला आणि दिलं. क्लेममुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, गेला, त्यामुळे प्रीमियम वाढलाच. तरी पॉलिसीच्या पानावर २३ छापून आलाय की नाही हे पैसे भरण्याआधी कोटेशनवर बघितलं आणि पॉलिसी आल्यावर परत बघितलं. गड्यासाठी पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीचं कव्हर ५० रुपयांत जोडलं. पन्नास रुपये! तेही आधीच्या पॉलिसीत नव्हतं. मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे, पण तो मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच. ज्यांचं लायसन्स संपलंय त्यांनी आधी ते करून घ्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कलमानं सुटत नाही, आणि आमच्या भागात तीच सगळ्यात मोठी आहे. आरसी बुकात ट्रॅक्टरची आसनक्षमता एक. भांगलणीच्या बायका ट्रॉलीत, एखादं पोर मडगार्डवर, असं आपण रोज बघतो. त्यातलं कुणी पडलं तर कंपनी जबाबदारी नाकारते. कोर्टात बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे शेवटी जमीन आपलीच जाते. मी मडगार्डवर कुणाला बसू देत नाही, घरातल्यांनासुद्धा नाही, त्यावरून वाद झालेत तरी चालतील.

भाड्यानं वाळू, विटा ओढणाऱ्यांनाही सांगतो, पॉलिसीवर वापर शेतीसाठी लिहिलेला आहे. भाड्याच्या खेपेत काही घडलं तर कंपनीला क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं.

ट्रॉलीची नोंदणी वेगळी, विमाही वेगळा. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर आणि तिचा प्रीमियम लिहिलेला नसेल तर ट्रॉलीनं केलेल्या नुकसानीवर कंपनी हात वर करते. रोटर, नांगर, पेरणी यंत्रही आपोआप धरलेलं नसतं. माझा रोटर त्या रात्री मागं जोडलेलाच होता, नशिबानं त्याची नुसती दोन पाती वाकली. त्याचा वेगळा विमा कुणी काढला असेल आणि प्रीमियम किती पडला, ते मला कळवा. यंदाच्या गळीत हंगामाआधी मला तेवढं एक काम उरकायचंय.