विम्याचं घरपोच मेडिकल: गावाकडे कितपत कामाचं?

पॉलिसी देण्याआधीच्या तपासणीसाठी विमा कंपनीच्या खर्चानं टेक्निशियन घरी येतो. रक्त, लघवी, बीपी, वजन-उंची, लागला तर ईसीजी, सगळं अर्ध्या तासात उरकतो. तालुक्याच्या चकरेत बुडणारी मजुरी वाचते, तेवढ्यापुरती सेवा चांगलीच. मोठ्या रकमेच्या पॉलिसीला टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) मागितली, तर मात्र नागपूर-अमरावती गाठा; ट्रेडमिल काही पिशवीत येत नाही.

घोडं अडतं ते नमुन्याच्या प्रवासात. एकाच माणसाकडे चार गावं, त्यामुळे सकाळी आठची वेळ अकरावर जाते आणि तोवर उपाशी बसावं लागतं. पाणी प्यायला हरकत नाही. चहा आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) नको, दोन्हींनी बीपी चढतं. रक्त नुसतं ठेवलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात, ताशी ५ ते ७ टक्के. म्हणून शुगरला हे खाणं रोखणारी राखाडी झाकणाची नळी हवी, एचबीए१सीला (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) जांभळी. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना डब्यात बर्फाचे पॅक नसतील, तर नमुना देऊच नका. पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं आणि ‘पुन्हा नमुना द्या’ म्हणून फोन येतो. नळीवरचं नाव आपल्यासमोर लिहून घ्या.

आपल्याकडचा खरा घोळ खर्ऱ्याचा. ‘सिगारेट पीत नाही ना?’ एवढंच विचारून एजंट तंबाखूपुढे ‘नाही’ लिहून मोकळा होतो. खर्रा म्हणजे तंबाखूच. लघवीत कोटिनिन (तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात बनणारा घटक) तीन-चार दिवस तरी सापडतं, रोजच्या खाणाऱ्यात त्याहून जास्त. खरं सांगितलं तर हप्ता वाढेल, पण लपवलेलं पहिल्या तीन वर्षांत उघडं पडलं तर क्लेमच अडकतो. फॉर्म मंजूर करणारा ओटीपी सांगण्याआधी तो नीट वाचा.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्ण बरेच, पण टेक्निशियन त्याबद्दल सहसा विचारत नाही. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खऱ्यापेक्षा कमी येतं. फॉर्मात आजार लिहा, उपाशीपोटीची शुगरही करायला लावा.

उन्हाळ्यात जिल्ह्याच्या सेंटरवर जाणंच बरं. हिवाळ्यात घरपोच बिनधास्त घ्या. रिपोर्टची प्रत मागून ठेवा. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत परत करता येते, फक्त मेडिकलचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून घेतात.